शाहिराची नात

गेल्या वर्षी वारलेल्या नामवंतांची आठवण काढायला तेलुगू मुलखातल्या कोठी भागातल्या मराठी मंडळाने सभा ठेवली होती. शाहीर शंकररावांवर त्यांची नात गीता असं बोलली की लोकांचे डोळे भरून आले.

"स्मरणिकेत छापू. कागद दे," अध्यक्ष म्हणाले.

गीताने कागद पाठीमागे लपवला. ते मराठी भाषण तिने तेलुगू अक्षरांत लिहिलं होतं.

"आजी, मला मराठी लिहिता येत नाही. आजोबांना किती वाईट वाटलं असतं!"

शेजारी बसलेली आजी खळखळून हसली.

"अगं, निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले. त्यांना तरी कुठं येत होतं? त्यांची सगळी मराठी गाणी उर्दू अक्षरांतच लिहिलेली आहेत."

गीताने डोळे पुसले आणि कागद अध्यक्षांच्या हातात ठेवला.