बिघडलेलं मशीन

शिवणकाम करणाऱ्या पुतणीचा हिशेब सरळ होता: काकूंचं मशीन मिळालं, तर कपड्यांच्या कडा मारून आणायच्या खेपा वाचणार. माळ्यावरचं ते धूड म्हणजे कड छाटत छाटत शिवणारं जुनं ओव्हरलॉक, हे तिनं चार धाग्यांवरूनच ओळखलं. त्याचे सुटे भाग आता कुठंच मिळत नव्हते.

“शिवता शिवता कापडच कापतं गं मेलं! बिघडलंय ना?” काकूंनी विचारलं.

“पार कामातून गेलंय, काकू,” पुतणी साळसूदपणे म्हणाली. “अडगळ कशाला? मी नेते.”

दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीन तेलपाणी करून घरपोच पाठवलं. मागोमाग फोन आला.



“बिघडलेलं कसं देऊ गं तुला? ते कापणारं पातं कारागिराकडून काढून भंगारात घातलं. मजुरी मीच दिली हो!”