पांढऱ्या नाकाची घोडी

"घोडीला नायटा झालाय. बाकीच्यांना लागायच्या आत हिला इथून हलवा!" दिवसभर उन्हात घोडेस्वारी शिकवणारे मास्तर गरजले. गाडीसुद्धा तबेल्याच्या दारात उभी होती. पण सहा वर्षं तिला खरारा करणाऱ्या मावशी दावं सोडेनात. "मास्तर, नायटा काय काळं-गोरं बघून येतो? हिची कातडी सोललीय ती फक्त पांढऱ्या नाकावर. काळ्या अंगावर एक चट्टा दाखवा, मीच हिला गाडीत चढवते." मास्तरांनी मानेपासून शेपटीपर्यंत डोळे फाडफाडून पाहिलं; चट्टा काही सापडेना. तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले, भिंगातून नाक बघून हसले. "नायटा कसला! गोरी कातडी उन्हानं भाजलीय. सावलीत बांधा, रोज मलम लावा." मावशींनी घोडीच्या नाकावर बोटभर मलम थापलं आणि ऐटीत मास्तरांकडे पाहिलं. "मग, गाडी परत पाठवू, की तुम्ही बसताय? नाक तर तुमचंही सोललंय!"