टापीर कुणी हुडकलं

"येडाईची आन, शब्द न् शब्द खरा हाय!" कस्तुराबाईनं बेंबळीतल्या बायांना ठणकावलं. नात निकितानं तिला कोस्टा रिकाच्या समुद्रकाठच्या जंगलात नेलं होतं. चार दिवस हिंडूनही टापीर नावाचं सोंडेचं जनावर दिसेना. शेवटच्या दिवशी तर गाईडनंच हात टेकले.

"तवा म्या वाटंवरच्या लिदीला हात लावला. ऊन हुती! म्हन्लं, आत्ताच गेलंय, वड्याकडं चला. तर वड्यात टापीर डुंबतंय! गाईड बघतच ऱ्हायला."

"आत्याबाई, जन्मभर शेरडं राखल्याचं चीज झालं की!" दैवशाला म्हणाली.

कस्तुराबाई गालात हसली. "एवढं एक खोटं हाय. लिदीला हात निकितानं लावला. मी मागं दगडावर पाय चोळत बसले हुते. पर शेरडांचा माग काढाया तिला शिकवलं कुणी?"