ज्याचा खिळा

लाकडाच्या चिपा पाडणाऱ्या मशीनचं पातं बोथट झालं, की मालकाची जीभ धारदार व्हायची. महिन्यात तिसरं पातं गेलं, तेव्हा तो मिस्त्रीच्या अंगावरच आला.

"पाती खातोस की काय रे?"

"मी नाही मालक, खिळे खातात. लाकूड घेताना जरा बघून घेत जा."

"मला अक्कल शिकवू नकोस! यापुढे पात्यात खिळा सापडला, तर ज्याचा खिळा, तो घरी. कायमचा."

दोन दिवस मिस्त्रीने ओंडके घासूनपुसून धुतले, एकेकावरून चुंबक फिरवला, होते नव्हते तेवढे खिळे उपटले, नव्या पात्याला हात फिरवून धार पाहिली आणि मगच घर गाठलं.

सकाळी येऊन बघतो, तर मालक त्याच्या आधी हजर. वरच्याच ओंडक्यावर मालकाच्या अक्षरातली पुठ्ठ्याची पाटी.

"वाच. मोठ्याने वाच!"

"ज्याचा खिळा, तो घरी."

"आता डोक्यात बसलं ना?" मालकाने पाटी खसकन ओढून फेकली आणि तोच ओंडका स्वतः मशीनमध्ये ढकलला.

कडाड्!

मिस्त्रीने मशीन बंद केलं, झाकण उघडलं. नव्या पात्याचा दात पडला होता. शेजारी वाकडा खिळा होता आणि खिळ्याच्या डोक्याखाली पुठ्ठ्याचा टवका अडकला होता.

मिस्त्रीने तो खिळा मालकाच्या तळहातावर ठेवला आणि अगदी अदबीने विचारलं,

"डबा इथेच खाऊन जाता मालक, की घरी जाऊन?"