गाठ कुठं गेली

दुर्बिणीची नळी घशातून खाली उतरली तशी झुंबरबाईनं खाटेची कड घट्ट धरली. १९९४ साल होतं, आणि परभणीच्या दवाखान्यातली तिची ही दुसरी दुर्बीण. पहिलीत जठरात कॅन्सरची गाठ दिसली होती, आणि मोठ्या डॉक्टरांनी जठरच काढायला सांगितलं होतं.

धाकट्या डॉक्टर साळवेबाई तेव्हा मध्येच बोलल्या होत्या. "सर, हिच्या पोटात जंतू सापडलाय. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय. त्याच्याशी लढायला आलेल्या पेशीच वाढत जाऊन ही गाठ झाली असेल. जंतू मारला की गाठ विरते, असं गेल्या वर्षीच छापून आलंय. सहातल्या पाच जणांची विरली."

"गोळ्यांनी कॅन्सर जायला लागला, तर आम्ही सुऱ्या कशाला पाजळायच्या?" मोठे डॉक्टर हसले होते.

झुंबरबाई हसली नव्हती. "कापायचं काय, मागून बी कापता येतंय. आदी गोळ्या द्या."

अख्ख्या झरी गावानं तिला वेड्यात काढलं. तिनं दोन आठवडे एक गोळी चुकवली नाही.

आता, सहा महिन्यांनी, साळवेबाई नळी फिरवत होत्या. वर, खाली, पुन्हा वर. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. ते आले आणि बराच वेळ नळीच्या भिंगाला डोळा लावून राहिले.

"कुठं होती गाठ?"

"इथंच, सर. तुम्ही बघताय तिथंच."

मोठे डॉक्टर सरळ उभे राहिले. "तुकडा तपासायला पाठवा. बघत राहावं लागेल." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "आणि साळवेबाई, ते छापलेलं मला वाचायला द्या."

कुशीवर पडलेल्या झुंबरबाईच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून आडवं वाहिलं.

बाहेर तिचा नवरा व्यंकटी ताडकन उठला. "काय म्हणायलेत डाक्टर?"

"गाठ न्हाई. पोट हाय." ती बाकावर टेकली. "ती भाकर सोडा. लय भूक लागली मला."

व्यंकटी तिच्याकडं बघतच राहिला. वर्षभरात 'भूक' हा शब्द त्यानं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याची बोटं फडक्याच्या गाठीत अडखळू लागली.

"अहो, थांबा!" साळवेबाई दारातून ओरडल्या. "घसा बधिर आहे अजून. अर्धा तास काही खायचं नाही!"

झुंबरबाईनं भाकरी मांडीवर घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर, काट्यावर डोळे रोखून बसली.