देवळीचं मैदान

देवळीच्या शाळेच्या मैदानात गवतापेक्षा गोटेच जास्त. तिथं हॉकीचा चेंडू कुठं आपटून किती उसळेल, हे देवालाही कळत नसे. सुरभीला मात्र कळे. चेंडू उसळायच्या आत तिची स्टिक वर उठलेली असायची. साऱ्या वर्धा जिल्ह्यात तिच्या तोडीची पोरगी नव्हती.

"जिल्ह्यात ठीक आहे हो, राज्याच्या संघात टिकायची नाही," असं निवड समितीचे साहेब दरवर्षी म्हणायचे.

"एकदा चान्स तर देऊन पाहा ना जी!" म्हणत तिचे भोयर सर त्यांच्या मागं लागायचे. यंदा कुठं साहेबांनी मान डोलावली.

निवड चाचणीसाठी पुण्याच्या निळ्या, गुळगुळीत टर्फच्या मैदानावर सुरभी उतरली. पहिलाच पास तिच्या उचललेल्या स्टिकखालून सुळकन निघून गेला. दुसराही गेला, तिसराही. जाळीबाहेर उभ्या सरांना ओरडावंसं वाटलं, पण नेमकं काय ओरडायचं तेच सुचेना.

"बघा," साहेब म्हणाले, "साधा सरळ चेंडू अडवता येत नाही हिला."

सुरभी बाहेर आली आणि त्या निळ्या मैदानाकडे बघत सरांजवळ उभी राहिली.



"सर, बॉल असा सरळबी येते काय?"