माणसाची देखरेख

‘यंत्राचा निष्कर्ष मी स्वतः वाचून तपासला आहे’ हे वाक्य लिहिल्याशिवाय न्यायाधीशानं सही करायची नाही, हा नियम बाईंनीच सुचवलेला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा शिकवताना त्या तो वर्गाकडून घोकून घेत. आज त्यांच्या भावाचा जामीन फेटाळला, तोही न्यायाधीश झालेल्या त्यांच्याच विद्यार्थ्यानं. बाई तडक त्याच्या दालनात शिरल्या. तो लगबगीनं उठला. “मॅडम, आरोपी पळून जाईल असं यंत्र म्हणतंय. माझा नाइलाज आहे.” “अरे, दोन्ही पाय नाहीत त्याला. कागद उघडून तरी बघितलास का?” तो ओशाळला. तेवढ्यात कारकुनानं निकालांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. सवयीनं त्याचा हात शिक्के मारू लागला. “तेच वाक्य आहे, मॅडम. लिहून लिहून बोटं दुखायची, म्हणून शिक्का करून घेतला.” बाईंनी वरचा कागद ओढला. शिक्का पार झिजला होता. ‘वाचून’ उमटतच नव्हतं.